ताप गेला, खोकला राहिला

आजारी माणसाला घरात मान असतो तो ताप असेपर्यंत. ताप आहे म्हटलं की अंथरूण मिळतं, पेज मिळते, शेतातलं काम दुसऱ्याच्या अंगावर जातं. ताप उतरला की मानही उतरला. चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस उठतो, अंघोळ करतो, कामाला लागतो, आणि मागे जो खोकला उरतो त्याला आजार म्हणायची आपल्याकडे रीत नाही. 'जाईल हळूहळू' म्हणतात. पंधरा दिवस जातात, महिना जातो, दीड महिना होतो. कुणाचा खोकला खरंच हळूहळू जातो. कुणाचा जात नाही, आणि पुढे त्याचं कारण भलतंच निघतं. या दोन्हींतला फरक कसा ओळखावा आणि तोवर रात्री कशा काढाव्यात, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे.

ती धाराशिव जिल्ह्यासाठी लिहिली आहे, आणि हे मुद्दाम सांगतो, कारण खोकल्याचा सल्ला गाव बघून बदलतो. मोबाइलवर शोधलं तर परदेशी डॉक्टरांचं म्हणणं आता मराठीतही वाचायला मिळतं: सर्दी-तापानंतरचा खोकला तीन ते आठ आठवडे राहू शकतो, घाबरू नका, वाट बघा. हे म्हणणं खोटं नाही. मोठ्या माणसांच्या बाबतीत वैद्यकशास्त्र तीन आठवड्यांच्या आतला खोकला ताजा मानतं, आठ आठवड्यांच्या पुढचा जुनाट, आणि मधल्या मुदतीतले पुष्कळ खोकले संसर्गामागून राहिलेले, आपोआप जाणारे असतात. पण हा सल्ला ज्या देशांत लिहिला गेला तिथे क्षयरोग क्वचित दिसतो. आपल्याकडे जगातल्या क्षयाच्या दर चार रुग्णांमागे साधारण एक आहे. म्हणून आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने वेगळी मुदत घालून दिली: खोकला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकला तर थुंकी तपासायची. वाशी किंवा लोहारा तालुक्यातल्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात आठ आठवडे नुसती वाट बघितली आणि खोकला क्षयाचा निघाला, तर तेवढे दिवस लेकरंबाळं त्याच हवेत झोपलेली असतात.

तेव्हा आपल्याला मुदती दोन पाळायच्या आहेत. पंधरा दिवस ही तपासणीची मुदत आणि आठ आठवडे ही धीराची. आधी तपासणी, मग धीर. आमचे लोक नेमकं उलटं करतात. दुसऱ्याच दिवशी धीर सुटतो आणि मेडिकलमधून बाटली येते. तपासणीला मात्र दोन महिने लागतात.

धीर धरायचा तो कशाच्या भरवशावर, हे आधी सांगायला हवं. श्वासनळीला आतून एक नाजूक अस्तर असतं. त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या तंतूंची लव असते आणि ती दिवसरात्र धूळ आणि कफ वर ढकलत राहते. फ्लू असो, कोरोना असो की साध्या पडशाचा विषाणू, सगळे याच अस्तरावर बसतात आणि ते सोलवटून काढतात. विषाणूचा निकाल शरीर बहुधा आठवड्या-दीड आठवड्यात लावतं. अस्तर भरून यायला मात्र कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर त्याखालच्या मज्जातंतूंची टोकं हुळहुळी राहतात. गुडघा खरचटल्यावर खपली धरेपर्यंत धोतराचा काठ लागला तरी झोंबतं, तसं. एरवी जिची दखलही घेतली नसती अशा गोष्टीने मग ढास लागते: मिरचीच्या फोडणीचा ठसका, पहाटेचा गार वारा, मोठ्याने हसणं, फोनवर लांबलेलं बोलणं. घशात काहीतरी अडकलंय असं सारखं वाटतं आणि खाकरून काही निघत नाही. अस्तर लवकर भरून आणणारं औषध कुठल्याही दुकानात मिळत नाही.

असा खोकला बहुतेक कोरडा असतो, किंवा थोडा पांढरट कफ पडतो. ताप परत येत नाही. भूक पहिल्यासारखी होते, वजन घटत नाही. आणि तो कमी होत जातो, फक्त इतक्या सावकाश की रोज बघणाऱ्याला कळत नाही. कालच्यापेक्षा आज कसं आहे, असं विचारूच नये. गेल्या रविवारी रात्री कितीदा उठावं लागलं आणि या रविवारी कितीदा, ते विचारावं.

2013 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एक साधा अभ्यास झाला. सर्दीचा खोकला किती दिवस राहतो असं लोकांना विचारलं. बहुतेकांचा अंदाज 7 ते 9 दिवसांचा होता. मग आधी झालेल्या अभ्यासांतून खऱ्या मुदतीची सरासरी काढली, तर ती जवळजवळ 18 दिवस भरली. आपल्या सगळ्या औषधबाजाराचं गुपित या दोन आकड्यांमध्ये आहे. नवव्या-दहाव्या दिवशी माणूस कंटाळून दवाखान्यात जातो, अँटिबायोटिक घेतो, अठराव्या दिवशी खोकला थांबतो आणि श्रेय गोळीला मिळतं. पुढच्या वर्षी तीच गोळी नाव सांगून मागितली जाते. गोळी घेतली नसती तरी खोकला त्याच सुमाराला थांबला असता, हे पटवणं फार अवघड काम आहे; मी तरी त्यात क्वचितच यशस्वी झालो आहे. दुसरी गोष्ट, ही सरासरी आपल्या पंधरा दिवसांच्या पुढे पडते. याचा अर्थ तपासणीला गेलेल्यांपैकी बहुतेकांची थुंकी निर्दोष निघणार. निघू द्या. निर्दोष अहवाल हातात आला म्हणजे फेरी वाया गेली असं नाही. धीर धरायचा परवाना मिळाला.

दवाखान्यात टेबलावर रिकामी केलेली पिशवी मी इतक्यांदा पाहिली आहे की आता ती उघडण्याआधीच आत काय असेल ते सांगता येतं. साड्यांच्या दुकानाची कॅरीबॅग, तिला गाठ. आत चिकट झाकणांच्या तीन बाटल्या, तिन्ही अर्ध्या. एक खोकला दाबणारी, एक कफ पातळ करून बाहेर काढायला लावणारी, तिसरीत दोन्ही. म्हणजे एकीने दार लावायचं आणि दुसरीने उघडायचं. मग अँटिबायोटिकची पट्टी, पाचांतल्या तीन गोळ्या संपलेल्या. आणि सगळ्यात खाली कागदाच्या पुडीत सुट्या पांढऱ्या गोळ्या, नाव-गाव नसलेल्या. "समदं घेऊन झालं बघा, पर ढास काय जाईना," मावशी सांगतात, आणि एवढं सांगतानाही दोनदा पदर तोंडाला लावतात.

या पिशवीतली सगळ्यात काळजीची वस्तू ती पुडी. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. ते घेतल्यावर एक-दोन दिवस खोकला दबतो, भूक लागते, माणसाला हुशारी वाटते, म्हणून पुडी देणाऱ्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे असं गावात होतं. मधुमेह असलेल्याची साखर मात्र भडकते, आणि आत क्षय असेल तर त्याला मोकळं रान मिळतं. दुसरी काळजी लिव्होफ्लॉक्सॅसिनसारख्या अँटिबायोटिकची. हे औषध क्षयाच्या जंतूंवरही थोडंफार चालतं. आठ दिवस दिलं की क्षयाचा रुग्णही तात्पुरता बरा दिसतो, थुंकीत जंतू सापडेनासे होतात आणि खरं निदान महिनाभर पुढे ढकललं जातं. तपासणीआधी हे औषध घेऊ नये असं आम्ही सांगतो ते कंपनीशी वैर आहे म्हणून नव्हे.

बाटल्यांची गोष्ट आणखी गंभीर आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुलं दगावली. औषधात डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं कारखान्यात वापरायचं रसायन निघालं. त्याने मूत्रपिंडं निकामी होतात. हे रसायन महाराष्ट्राला नवं नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेलं ग्लिसरीन दिलं गेलं आणि 14 रुग्ण गेले. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, त्याचा अहवाल गाजला, आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. चाळीस वर्षांनी तेच रसायन पुन्हा बाटलीत आलं. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने बजावलं की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला सर्दी-खोकल्याचं कुठलंही बाटलीबंद औषध द्यायचं नाही, आणि पाच वर्षांपर्यंत ते शक्यतो टाळायचंच. विषारी बाटली दुर्मिळ असते हे मान्य. पण जिचा फायदा मुळात नगण्य आहे तिच्यासाठी दुर्मिळ धोका तरी कशाला पत्करायचा?

आता तपासणी. सरकारी दवाखान्यात स्क्रूच्या झाकणाची छोटी प्लास्टिकची नळी देतात आणि 'बेडका आणा' म्हणतात. पुष्कळ माणसं लाजून, भिंतीआड जाऊन, दोन वेळा थुंकून नळी परत करतात. ती लाळ असते. लाळेत जंतू सापडत नाहीत आणि अहवाल फुकाचा निर्दोष येतो. बेडका कसा काढायचा हे कुणी शिकवत नाही म्हणून इथे सांगतो. सकाळी उठल्या उठल्या, चहा-तंबाखूच्या आधी, साध्या पाण्याने चूळ भरावी. घराबाहेर मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब उभं राहावं. दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन क्षणभर रोखावा आणि मग बेंबीच्या देठापासून खोकावं. जे घट्ट, चिकट वर येतं ते नळीत घ्यावं. रात्रभर साचलेलं असतं म्हणून सकाळचा नमुना सगळ्यात चांगला.

तो नमुना आता अनेक ठिकाणी ट्रूनॅट नावाच्या यंत्रावर तपासला जातो. हे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं आहे, बॅटरीवर चालतं, आणि जंतूच्या अंशावरून काही तासांत निकाल देतं. नेहमीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देईल की नाही तेही सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये त्याला मान्यता दिली. तपासणी फुकट, औषधं फुकट, साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहाच्या हिशेबाने बँक खात्यात पैसे येतात. 2018 मध्ये ते 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा धोका फार कमी होतो, म्हणून ताट-वाटी वेगळी करण्याला काही अर्थ नाही. तसंही क्षय ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो. खिडकी उघडी ठेवणं हे भांडी वेगळी करण्यापेक्षा केव्हाही कामाचं. पण आपल्या घरांत भांडी आधी वेगळी होतात आणि खिडकी थंडीच्या नावाखाली बंदच राहते.

या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कळंब, वाशी, भूमकडच्या बालाघाटाच्या पट्ट्यातून ट्रॅक्टर निघतात ते शिमगा-पाडव्यालाच परततात. भादव्यात ताप आलेला, आश्विनात खोकत असलेला गडी कार्तिकात कोपीवर पोचलेला असतो. तिथे दवाखाना अनोळखी, उचल अंगावर, आणि खाडा केला की पैसे कापले जातात. म्हणून या पुस्तिकेचा एक भाग थेट मुकादमांसाठी आहे. निघण्याआधी टोळीतल्या खोकणाऱ्यांची थुंकी तपासून घ्या. कुणाचा उपचार चालू असेल तर त्याचा निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयाच्या सरकारी नोंदीचा क्रमांक, कागदावर लिहून सोबत ठेवा. त्या क्रमांकावर कोल्हापूर, सांगलीत काय, कर्नाटकातही औषध चालू ठेवता येतं. मध्येच सोडलेला उपचार हा न केलेल्या उपचारापेक्षा वाईट, कारण जंतू औषधाला सरावतात.

क्षय नाही असं ठरलं की पुढचा प्रश्न, हुळहुळ्या नळीला रोज नव्याने कोण डिवचतंय? आपल्याकडे याचं उत्तर बहुधा शेतात किंवा अंगणात सापडतं. पावसाळ्यात फ्लूची लाट येते, गणपतीच्या आणि नवरात्रात तुळजापूरच्या गर्दीत तिला वाट मिळते, आणि अस्तर भरून यायच्या दिवसांतच सोयाबीनची मळणी सुरू होते. मळणीयंत्राच्या तोंडाशी उभं राहून पेंढ्या टाकणाऱ्याच्या नाकातोंडात जे भुसकट जातं त्यापुढे कुठलंही औषध चालत नाही. तेच पुढे हरभऱ्याला आणि ज्वारीला. त्या वर्षी खोकणाऱ्याने यंत्रापासून लांब, वाऱ्याच्या पाठीकडे थांबावं, पोती शिवावी, हिशेब ठेवावा. जाणं टळतच नसेल तर नाकातोंडावर चांगला मास्क घट्ट बांधावा. टॉवेलची एक घडी बारीक धूळ अडवत नाही. गॅस घरोघर आला तरी अंघोळीचं पाणी अजून अंगणातल्या चुलीवरच तापतं, खाली तुराट्या, पऱ्हाट्या, पावसात भिजलेल्या असतील तर आणखी धूर. आणि ती चूल फुंकायला बसते ती बहुतेक तीच, जी रात्रभर खोकत होती. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी महिनाभर बंब पेटवला तर काही बिघडत नाही.

बायकांच्या खोकल्याविषयी आणखी एक गोष्ट, जी दवाखान्यात सहसा बोलली जात नाही. ढास लागली की लघवीचे थेंब जातात. तीन-चार बाळंतपणं झालेल्या, उतारवयाच्या बाईला हे फार होतं. मग ती लांब एसटीचा प्रवास टाळते, कीर्तनाला मागे बसते, पाणी कमी पिते आणि त्याने घसा आणखी कोरडा पडतो. आधीच अंग बाहेर येत असेल तर महिन्याभराच्या खोकल्याने ते वाढतं. पुरुष डॉक्टरला हे सांगायचं कसं, म्हणून ती 'खोकला हाय' एवढंच म्हणते. तेव्हा खोकणाऱ्या बाईला हा प्रश्न आशाताईने विचारायचा, आणि विचारायचाच. त्यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत. ढास येतेय असं वाटताच पाय जवळ घेऊन खालचे स्नायू आवळून धरले तरी पुष्कळ फरक पडतो. खोकून खोकून बरगड्या दुखणं, क्वचित बरगडीला चीर जाणं, उबळीत डोळ्यांपुढे अंधारी येणं हेही घडतं. त्याची थट्टा करू नये.

रात्रीसाठी जे उपाय आहेत ते साधे आहेत आणि बहुतेक आपल्या आज्यांना माहीत होते. मध घशाला आराम देतो, याला आता अभ्यासांचाही आधार आहे. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच चाटवायचा नाही, त्यातून बोटुलिझम नावाचा जिवावरचा आजार होऊ शकतो. खडीसाखर-लवंग गालात धरली की लाळ सुटते, गिळणं होतं आणि उबळ टळते. कोमट पाणी घोट घोट, मिठाच्या गुळण्या, उशाला दोन उशा. अडुळशाची महती सांगायला नको. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे दुकानी औषधच मुळी अडुळशातल्या व्हॅसिसीनवरून तयार झालं. ज्येष्ठमध चार दिवस चघळायला हरकत नाही, पण महिनोन्‌महिने चघळलं तर रक्तदाब वाढतो. वाफेने बरं वाटतं, मात्र लहान मुलं उकळत्या पातेल्यावर भाजल्याचे प्रकार मी पाहिले आहेत, तिथे वाफ नकोच. उस्मानाबादी शेळीच्या या मुलखात खोकल्यावर पायाचा रस्सा सांगतात. तो गरम असतो, पातळ असतो आणि आजाऱ्याला चव आणतो. यापेक्षा जास्त काही तो करतो असा माझा दावा नाही, पण कुणी वाढला तर मी नाही म्हणणार नाही. शेळीचं दूध मात्र उकळूनच प्यावं, कच्च्यातून ब्रुसेलोसिस होतो.

एक उपाय आज्यांनी सांगितलेला नाही, तो शिकण्यासारखा आहे. कोरडा खोकला हा खोकल्यानेच वाढतो. प्रत्येक ढास नळीला पुन्हा खरवडते. घशात खाज सुटली की लगेच खोकायचं नाही. तोंड मिटायचं, आवंढा गिळायचा किंवा पाण्याचा घोट घ्यायचा आणि नाकाने सावकाश श्वास घेत राहायचं. पहिले दोन दिवस जमत नाही, मग जमू लागतं. हे फक्त कोरड्या खोकल्यासाठी. कफ येत असेल तर तो दाबायचा नाही.

तरी काही खोकले आठ आठवड्यांनंतरही उरतात, आणि तिथे माझा धीराचा सल्ला संपतो. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर त्यानेच घसा खवखवतो; गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरकडून बदलून घ्यावी. रात्री, पहाटे खोकला आणि छातीत घरघर असेल तर दमा असू शकतो, आणि मग पंप घ्यायला कचरू नये. पंप लागला की सुटत नाही हा समज चुकीचा आहे. पंपातलं औषध गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत थेट छातीत जातं. उशिरा भरपेट जेवून लगेच आडवं होणाऱ्याला आम्लाने खोकला येतो. एकेकाळी क्षय होऊन बरा झालेल्याच्या फुप्फुसावर व्रण राहतात, त्याला प्रत्येक सर्दी जड जाते. बिडी ओढणाऱ्याच्या नेहमीच्या खोकल्याचा सूर बदलला तर छातीचा एक्सरे. मुलाला ढासेनंतर उलटी होत असेल, श्वास ओढताना हूप असा आवाज येत असेल तर डांग्या खोकला. त्याच्या लशीचे डोस सहा, दहा, चौदा आठवड्यांना आणि पुढचे दोन दीड वर्षाच्या आणि पाच वर्षांच्या सुमाराला झालेत का, ते कार्डावर बघावं. लहान मुलांत तर चार आठवड्यांवरचा खोकलाच जुनाट मानतात. आणि थुंकीत रक्त, धाप, परत आलेला ताप, घटणारं वजन, रात्रीचा घाम, बाळाचं पोट उडणं किंवा छाती आत ओढली जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर कुठलीच मुदत बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

एवढ्याशा पुस्तिकेने काय होणार, असं मला छापायच्या आधी विचारलं गेलं. उत्तर शेजारीच आहे. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू केली. तिच्यात बार्शीबरोबर आपले परांडा आणि भूम हे तालुकेही होते. नोंदी घ्यायला कर्मचारी गावोगाव जात आणि जाता जाता लक्षणांविषयी बोलत: अंगावरून अवेळी रक्त जाणं म्हणजे काय, दवाखान्यात केव्हा जावं. औषध नाही, यंत्र नाही, नुसतं बोलणं. काही वर्षांत असं दिसलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा अलीकडच्या टप्प्यात, म्हणजे बऱ्या होण्यासारख्या असताना, रुग्णालयात येऊ लागल्या. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या पुढाकाराने गावच्याच बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केलं, तेही याच विश्वासावर की गावातली शहाणी बाई दाराशी आली तर लोक ऐकतात. लक्षण सगळ्यांना माहीत झालं की आजार लवकर सापडतो, याचा पुरावा आणायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

म्हणून वाचकांना विनंती अशी की ही पुस्तिका कपाटात ठेवू नका. शाळेतल्या गुरुजींनी पालकसभेत तिची चार पानं वाचावीत. मेडिकलवाल्यांनी काउंटरवर टांगावी आणि तिसऱ्यांदा बाटली मागणाऱ्याला आधी किती दिवस झाले ते विचारावं. आणि आज घरी गेल्यावर, रात्री ज्याच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतो त्याला दिवस मोजायला लावा. पंधरा भरले असतील तर उद्या सकाळी चहाच्या आधी चूळ भरून नळी भरा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन द्या. त्याला पैसे पडत नाहीत.